कडाक्याच्या थंडीत स्नोमोबाइल चालू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेली, बर्फावर चालणारी गाडी. खालची उत्तरं मुख्यतः कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलसाठी आहेत, कारण थंडीत सगळ्यात जास्त रुसतात त्याच. फ्युएल इंजेक्शन आणि फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी वेगळे प्रश्न पुढे आहेत. थंडी म्हणजे उणे २० अंश सेल्सिअसच्या खालची धरली आहे. त्याच्या वर मशीन चालू होत नसेल तर दोष बहुधा थंडीला देता येणार नाही.

दोरी ओढून ओढून हात भरून आले, इंजिन ढिम्म आहे. सगळ्यात आधी काय बघू?

आधी दोरी सोडा आणि हँडलजवळची बटणं बघा. लाल स्टॉपचं बटण ‘बंद’वर आहे का? अंगाला अडकवायची सेफ्टी दोरी, म्हणजे टेदर, तिच्या टोपीत पूर्ण बसली आहे का? त्या टोपीत बर्फाचा पातळ पापुद्रा जमला तरी संपर्क होत नाही आणि स्पार्क मिळत नाही. टोपी काढा, फुंकर मारू नका (श्वासातली वाफ तिथेच गोठते), कोरड्या कापडानं पुसा आणि दाबून बसवा. इलेक्ट्रॉनिक चावीच्या मशीनमध्ये चावी ओळखली गेली की ठरावीक बीप येतो किंवा दिवा लागतो. तो आला नाही तर दोरी ओढण्यात अर्थ नाही.

मग रेसची लिव्हर दाबून सोडा. ती चटकन जागेवर यायला हवी. काही मॉडेलांत रेसच्या केबलवर सेफ्टी स्विच असतो. केबल सैल पडली किंवा कार्ब्युरेटर उघडा अडकला असं त्या स्विचला ‘वाटलं’ की तो स्पार्क तोडतो. केबलच्या आवरणात पाण्याचे दोन थेंब गोठले तरी नेमकं हेच होतं. माणूस मग इंजिन खोलत बसतो आणि दोष असतो अंगठ्याखाली.

पेट्रोलचा कॉक असेल तर तो चालू आहे ना, टाकीत पेट्रोल आहे ना, हेही बघून घ्या. काटा गोठून अडकलेला असू शकतो, त्यामुळे झाकण उघडून डोळ्यांनीच बघा.

थंडीनं इंजिनाचं नेमकं काय बिघडतं?

तीन गोष्टी एकाच वेळी उलटतात. पहिली पेट्रोलची. सिलिंडरमध्ये जळते ती पेट्रोलची वाफ, द्रव पेट्रोल जळत नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तिथवर तापमान उतरलं की पेटण्यापुरती वाफ जेमतेमच तयार होते. म्हणून थंड इंजिनाला नेहमीपेक्षा खूप जास्त पेट्रोल पाजावं लागतं. त्यातल्या थोड्याशा भागाची वाफ होते आणि बाकीचं नुसतं भिंती ओल्या करतं.

दुसरी ऑइलची. ते घट्ट होतं, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जड फिरतो, आणि क्रँक सावकाश फिरला की मॅग्नेटोतून (इंजिनाबरोबर फिरून वीज देणाऱ्या भागातून) स्पार्कही कमजोर येतो. तिसरी बॅटरीची: तिच्याकडून मागणी वाढते आणि नेमकी तेव्हाच तिची ताकद घटते.

थंडी या तिन्हींना एकदम गाठते. त्यामुळे उणे ५ ला चालून जाणारा अर्धवट घाण झालेला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक), थकलेला प्लग किंवा म्हातारी बॅटरी उणे ३० ला उघडी पडते. दुरुस्ती करताना हे ध्यानात ठेवा. थंडीनं नवं काही मोडलेलं क्वचितच असतं, आधीपासून अशक्त असलेलं शोधायचं असतं.

हवामान खात्यानं ‘विंड चिल उणे ४५’ सांगितलंय. मशीनसाठी तोच आकडा धरायचा का?

नाही. विंड चिल माणसाच्या कातडीसाठी आहे. वाऱ्यामुळे मशीन लवकर थंड होतं, पण हवेच्या खऱ्या तापमानाखाली ते जात नाही. हवा उणे २८ असेल तर इंजिन रात्रभरात उणे २८ वरच थांबेल. तुमच्या बोटांनी मात्र उणे ४५ चाच हिशोब धरावा.

चोक पूर्ण ओढून रेस देत देत दोरी ओढतो, तरी घेत नाही. असं का?

रेस देताय म्हणूनच. स्नोमोबाइलच्या बहुतेक कार्ब्युरेटरांत ज्याला आपण चोक म्हणतो, तो खऱ्या अर्थानं हवा अडवणारा पडदा नसतो. लिव्हर ओढली की एक छोटा प्लंजर वर उचलला जातो आणि जास्तीच्या पेट्रोलची वेगळी वाट उघडते. त्या वाटेनं पेट्रोल वर खेचलं जातं ते इंजिनाच्या ओढीनं. मुख्य स्लाइड (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) बंद असेल तर सगळी ओढ त्या छोट्या वाटेवर येते. तुम्ही अंगठा दाबलात, स्लाइड उघडली, की इंजिनाला हवा सोप्या रस्त्यानं मिळते, ओढ नाहीशी होते आणि चोक उघडा असून नसल्यासारखा होतो.

तेव्हा चोक पूर्ण, अंगठा पूर्ण मोकळा, आणि मग दोरी. इंजिन भडकून उठलं की काही सेकंद तसंच राहू द्या, मग चोक अर्ध्यावर आणा. अडखळायला लागलं तर क्षणभर पुन्हा पूर्ण करा. रेसला हात लावायची वेळ यानंतरची.

लिव्हर हलते पण प्लंजर उचलला जात नाही, असंही होतं, कारण चोकची केबलही गोठते. दोन सिलिंडरच्या मशीनला बहुधा दोन कार्ब्युरेटर असतात आणि एकाचाच प्लंजर उचलला गेला तर मशीन एका पायावर लंगडत चालू होतं. बॉनेट उघडा, कुणाला तरी लिव्हर ओढायला सांगा आणि कार्ब्युरेटरजवळ केबल खरंच सरकते का ते बघा.

प्राइमर किती वेळा दाबायचा?

प्राइमर म्हणजे चालू करण्याआधी हातानं थोडं पेट्रोल इंजिनात ढकलणारा छोटा पंप. त्याचे दोन ते तीन पूर्ण झटके. अतिथंडीत आणखी एखाद-दुसरा. पण मोजणी सुरू करायची ती दट्ट्याला जडपणा जाणवल्यावर, कारण नळीत हवा असेल तर सुरुवातीचे झटके फुकट जातात. दट्ट्या हलकाच लागतोय तर टाकीपासून पेट्रोलच वर येत नाहीये.

बॉनेट उघडलं की पेट्रोलचा उग्र वास येतोय. इंजिन ओव्हर झालंय का?

बहुतेक हो. प्लग काढून बघा. टोक ओलं चकचकीत आणि पेट्रोलचा वास, म्हणजे ओव्हर झालंय, सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलंय. आता चोक मारत राहिलात तर परिस्थिती आणखी बिघडेल.

चोक बंद करा, कॉक असेल तर तोही बंद करा. स्टॉपचं बटण ‘बंद’वर ठेवा, दोन्ही प्लग बाहेर काढून बाजूला ठेवा, रेस पूर्ण दाबून धरा आणि दोरी सावकाश आठ-दहा वेळा ओढा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडताना दिसेल, तेव्हा तोंड लांब ठेवा आणि आसपास काहीही पेटतं नको. प्लग पुसा आणि शर्टाच्या आतल्या खिशात टाका. जवळ सुके प्लग असतील तर तेच लावा. मग चोक न लावता, रेस किंचित उघडी ठेवून ओढा.

फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच मशीनमध्ये रेस पूर्ण दाबून इंजिन फिरवलं की कंप्युटर पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा आत जाते. तुमच्या मॉडेलला ही सोय आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि ते मॅन्युअल घरातच बघा, भर थंडीत पानं उलटत बसू नका.

उलट आहे, प्लग एकदम कोरडा आहे आणि वासही नाही. मग?

पेट्रोल पोचत नाहीये. साधी परीक्षा अशी: अर्धा चमचा पेट्रोल-ऑइलचं मिश्रण प्लगच्या भोकातून आत सोडा, प्लग लावा, दोरी ओढा. इंजिन दोन-चार सेकंद धडधडून बंद पडलं तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दोन्ही जिवंत आहेत. अडचण टाकी आणि सिलिंडर यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

तिथे बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. टाकीतला फिल्टर: तळाशी साचलेलं पाणी तिथे बर्फ होऊन चिकटतं. कार्ब्युरेटरची वाटी: तळच्या स्क्रूतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर थेंब वेगळे तळाशी बसलेले दिसतात. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, बर्फाचा एक कण त्याला पुरतो. मग पेट्रोलचा पंप. जुन्या पद्धतीचा पंप क्रँककेसमधल्या (क्रँकभोवतीच्या डब्यातल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि ते ठोके एका रबरी नळीतून येतात. थंडीत ही नळी कडक होऊन टोकाशी चिरते. चीर इतकी बारीक असते की नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. नळी वाकवून बघा, आणि कडक लागली तर बदला.

एक जागा सगळेच विसरतात: टाकीची श्वास घ्यायची नळी. ती गोठली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल येत नाही. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर मशीन चालू झालं, तर चोर सापडला.

पेट्रोलमध्ये पाणी येतं तरी कुठून? आणि त्यावर उपाय काय?

अर्धी रिकामी टाकी उबदार शेडमधून बाहेर, बाहेरून आत अशी होत राहिली की आतल्या हवेतलं बाष्प भिंतींवर थेंबांच्या रूपात जमतं. शिवाय झाकणावरचा भुसभुशीत बर्फ पेट्रोल भरताना सरळ आत पडतो. झाकण उघडण्याआधी भोवतालचा बर्फ झटका, आणि रात्री टाकी भरलेली ठेवा.

थोडं पाणी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं गॅसलाइन अँटिफ्रीझ (पेट्रोलमधलं पाणी गोठू न देणारं रसायन) चालतं, बाटलीवरच्या प्रमाणातच. तुमच्या पेट्रोलमध्ये आधीच १० टक्के इथेनॉल असेल तर त्यात वरून अल्कोहोल ओतत राहण्याची गरज नसते. पाणी बरंच असेल तर रसायनाच्या भरवशावर राहू नका, टाकी रिकामी करा.

उन्हाळ्यात भरलेलं पेट्रोल हिवाळ्यात वापरणं हीदेखील एक अडचण. थंड प्रदेशांत हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम लवकर वाफ होणारं बनवतात. उन्हाळी पेट्रोल त्या मानानं सुस्त असतं, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचे हलके घटकही उडून गेलेले असतात.

प्लग बघून काय कळतं?

पुष्कळ काही. सुकी तपकिरी झाक असेल तर ठीक. काळा ओला असेल तर ओव्हर किंवा स्पार्क नाही. काळा सुका काजळीसारखा असेल तर चोकवर जास्त वेळ चालवलंय. पांढराफटक असेल तर इंजिन पेट्रोलला भुकेलं चाललंय आणि ते टू-स्ट्रोकला पिस्टन जाळण्यापर्यंत नेऊ शकतं, तेव्हा ते दुर्लक्षू नका. बर्फाळ प्लगच्या टोकाला कधी दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये दंवाचा पूल दिसतो. स्पार्क तिथूनच निसटतो. या दोन इलेक्ट्रोडांमधली गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

स्पार्क बघायचा तर प्लग टोपीत घालून त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा, तेही प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळा, टचकन उडणारा स्पार्क हवा. पिवळट, मरतुकडा असेल तर प्लग बदलून बघा, मग टोपी. प्लग धातूला न टेकवता हवेत लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका, इग्निशनचा बॉक्स त्यानं जाऊ शकतो.

घरातून गरम केलेले प्लग आणून लगेच लावायची युक्ती जुनी आहे आणि चालते. गार इलेक्ट्रोडवर पेट्रोल बसतं, गरमवर नाही. फक्त लावल्यावर गप्पा मारत बसू नका. आणि बसवताना आधी हातानं आटे धरू द्या, मग पाना लावा. नवा प्लग वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, वापरलेला त्याहून पुष्कळ कमी. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बधिर हातांना जोर कळत नाही.

सेल्फ मारला की नुसती टकटक होते.

बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनल आधी बघा, ते फुकट आहे. मग मल्टिमीटर लावा. चार्ज पूर्ण असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे.

लेड-ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद उणे १८ अंशांना साधारण निम्म्यावर येते. बॅटरीवर छापलेला सीसीए (थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा) हा आकडा मुळात त्याच तापमानाला मोजलेला असतो. त्यामुळे उणे ३५ ला तुमच्या हातात छापील आकड्याहूनही कमीच असतं. रात्री बॅटरी काढून घरात नेणं हा कंटाळवाणा पण सगळ्यात खात्रीचा उपाय.

हलकी म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली असेल तर तिचे नखरे वेगळे. अतिथंडीत ती पहिल्या झटक्याला मेल्यासारखी वागते. आधी काही मिनिटं दिवा लावून ठेवला की ती आतून थोडी गरम होऊन जागी होते. पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करायची नाही, तिचं कायमचं नुकसान होतं. आत आणा, गरम होऊ द्या, मग चार्जर लावा.

बॅटरी गोठली आहे असं वाटतंय. जंप स्टार्ट करू का?

अजिबात नाही. पूर्ण चार्ज असलेलं ॲसिड उणे ६० अंशांच्याही आसपास टिकतं, पण पार उतरलेल्या बॅटरीतलं द्रव जवळजवळ पाणीच असतं आणि उणे १० च्या आधीच गोठू शकतं. अंग फुगलेलं, कोपरे ताणलेले किंवा तडा दिसत असेल तर ती गोठली समजा. अशा बॅटरीत करंट सोडला तर ती फुटू शकते. काढून उबेला आणा, पूर्ण वितळू द्या, तडा आढळला तर टाकून द्या.

बॅटरी धडधाकट पण उतरलेली असेल तर कोटाच्या आत ठेवलेला बूस्टर पॅक उत्तम. केबल लावायची तर लाल धनटोकाला आणि काळी बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. मोटारीची बॅटरी वापरत असाल तर मोटारीचं इंजिन बंद ठेवा.

माझ्या मशीनला बॅटरीच नाही आणि फ्युएल इंजेक्शन आहे. त्याचं काय?

अशा मशीनमध्ये इंजेक्टर, पंप आणि कंप्युटर या सगळ्यांना वीज मिळते ती तुमच्याच दंडातून. दोरी सावकाश ओढलीत तर कंप्युटर जागाच होत नाही. हँडल हळू ओढून जड लागेपर्यंत आणा, तिथे थांबा, आणि मग तिथून लांब, वेगवान, एकसंध झटका द्या. अर्धवट दहा झटक्यांपेक्षा नीट मारलेले दोन बरे.

काही हलक्या मॉडेलांत बॅटरीऐवजी अल्ट्राकपॅसिटरवर (थोडी वीज साठवून झटक्यात देणाऱ्या भागावर) चालणारा स्टार्टर असतो. तो दिवसाच्या पहिल्या वेळी रिकामा असतो, तेव्हा पहिलं इंजिन हातानंच चालू करावं लागतं. बटण दाबून काही होत नाही म्हणजे तो बिघडला असं नाही.

दोरी हलतच नाही. किंवा ओढली तर भसकन मोकळी येते.

हलत नसेल तर जोर लावून तोडू नका. स्टार्टरच्या डब्यात पाणी शिरून गोठलं असेल, किंवा क्लच आणि इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या पट्ट्याभोवती बर्फ घट्ट बसला असेल. पट्टा काढता येत असेल तर काढून बघा. तेवढ्यानं दोरी सुटली तर इंजिन ठीक आहे, अडथळा पुढे आहे. पट्टा काढूनही क्रँक हलत नसेल तर पाण्याचा पंप गोठला किंवा पिस्टन धरला, आणि तिथे थांबा.

मोकळी येत असेल तर आतली कुत्री, म्हणजे स्टार्टरचे खटके, अडकली आहेत. त्यांना लावलेलं चुकीचं ग्रीस थंडीत डांबरासारखं होतं आणि ती बाहेर झेपावून दात पकडतच नाहीत. डब्याला गरम हवा द्या. नंतर ते ग्रीस पुसून काढा आणि अतिथंडीसाठीचं, अगदी थोडं, लावा.

स्टार्टर स्प्रे मारला तर?

टू-स्ट्रोकला मारू नका. या इंजिनाचं वंगण पेट्रोलबरोबरच आत येतं, आणि या स्प्रेतल्या इथरचा फवारा सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन काढतो. पहिल्याच स्फोटाला पिस्टन कोरड्या धातूवर घासतो. त्याऐवजी वर सांगितलेला अर्धा चमचा पेट्रोल-ऑइल मिश्रणाचा उपाय तेच काम करतो आणि वंगणही देतो.

मग इंजिन गरम तरी कसं करायचं? खाली शेगडी ठेवली तर?

उघडी ज्वाला नको. बॉनेटखाली प्लास्टिक, रबर आणि पेट्रोलची वाफ एकत्र असते. गरम हवेचा हीटर लांबून, जाड आवरणाखाली, आणि कुणीतरी शेजारी उभं असताना वापरता येतो. क्रँककेस आणि कार्ब्युरेटर या दोन जागांना ऊब पोचली तर बहुतेक काम झालं. वीज असेल तर फोर-स्ट्रोकला ब्लॉक हीटर (इंजिनालाच बसवलेला विजेचा हीटर) दोन-तीन तास आधी लावणं सगळ्यात सरळ. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून ‘गरम होऊ दे’ म्हणून सोडू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि दार किलकिलं ठेवल्यानं तो पुरेसा जात नाही.

चालू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. पुन्हा तसंच.

प्राइमरनं दिलेलं पेट्रोल जळून संपतं आणि पुढचं येत नाही: पायलट जेट किंवा पंप. एअरबॉक्स, म्हणजे इंजिन जिथून हवा घेतं तो डबा, तोही बघा. आदल्या दिवशी भुसभुशीत बर्फातून गेला असाल तर हवेच्या जाळीवर बर्फाची साल बसलेली असते. मशीन बरेच दिवस उभं असेल तर एअरबॉक्समध्ये आणि सायलेन्सरमध्ये उंदराचं घरटं निघतं, हे मी विनोदानं सांगत नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फात रुतलेलं असलं तरी इंजिन गुदमरून बंद पडतं.

इंजिन छान चालू झालं, पण रेस दिली तरी मशीन जागचं हलत नाही.

ट्रॅक किंवा स्की जमिनीला गोठल्या आहेत. रेस वाढवू नका, पट्टा जळेल. इंजिन बंद करा, स्कीला बाजूनं लाथ मारून सोडवा, मागचा दांडा धरून मागची बाजू उचलून आपटा. ट्रॅकच्या आतल्या चाकांमध्ये गच्च बर्फ असेल तर काठीनं फोडून काढा. हात घालताना इंजिन बंदच हवं.

चालू झाल्यावर किती वेळ गरम होऊ द्यायचं?

मिनिटं मोजण्यापेक्षा इंजिनाला विचारा. चोक पूर्ण बंद करून ते स्थिर चालायला हवं, आणि कूलंटवाल्या मशीनमध्ये काट्यावर निदान ४० अंश दिसायला हवेत. टू-स्ट्रोकचा पिस्टन पटकन गरम होऊन फुगतो, पण भोवतालचा सिलिंडर अजून गारच असतो. लगेच पूर्ण रेस दिलीत तर फुगलेला पिस्टन घट्ट सिलिंडरमध्ये धरतो. याला कोल्ड सीझर म्हणतात आणि बिल मोठं येतं. ट्रॅक आणि पट्टाही कडक असतात, तेव्हा पहिलं अंतर सावकाश जा.

फोर-स्ट्रोकला कोणतं ऑइल?

मॅन्युअल सांगेल ते, पण अतिथंडीत ते बहुधा ०डब्ल्यूच असतं. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वहनाचा: ०डब्ल्यूची कसोटी उणे ३५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. टू-स्ट्रोकचं ऑइलही थंडीत वाहणारं सिंथेटिक घ्या. ऑइलच्या टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या बारीक नळीत ते अडून राहिलं तर इंजिन चालू होईल, पण कोरडं चालेल.

कूलंटबद्दल इथेच: इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं हे उणे ३७ अंशांपर्यंत पुरतं, ६० टक्के ग्लायकॉल उणे ५० च्या आसपास. शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं, त्यामुळे ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा हिशोब इथे चालत नाही.

सकाळी त्रास नको म्हणून संध्याकाळी काय करून ठेवू?

परत आल्यावर मशीनचं मागचं टोक उचलून ट्रॅक मोकळा फिरवा, म्हणजे ओला बर्फ उडून जातो. मागे कुणी उभं नको. स्की आणि ट्रॅक लाकडाच्या फळ्यांवर ठेवा. इंजिन गरम असतानाच बॉनेटखालचा बर्फ ब्रशनं काढा, नाहीतर तो वितळून केबलच्या टोकांशी जाऊन गोठतो. रेसची आणि चोकची लिव्हर काही वेळा चालवून मोकळी ठेवा. टाकी भरा. आवरण घाला, पण इंजिन गार झाल्यावर, नाहीतर आत वाफ कोंडते.

मुक्कामापासून लांब बंद पडलं. किती वेळ प्रयत्न करत राहू?

घाम यायच्या आत थांबा. घामानं भिजलेले कपडे उणे ३० ला मशीनपेक्षा मोठं संकट असतात. ओढा, थांबा, एक गोष्ट तपासा, मग पुन्हा ओढा. प्रकाश आहे तोवर मदत मागवा, रात्र पडायची वाट बघू नका. आणि मशीन सोडून चालत निघू नका. वाहन दुरून दिसतं, माणूस दिसत नाही.

पेट्रोल हातावर सांडू देऊ नका. उणे ३० च्या हवेत पेट्रोलही उणे ३० चंच असतं. ते गोठत नाही, वाहतं, कातडीला चिकटून पसरतं आणि उडताना आणखी ऊब ओढून घेतं. बोटांवर सांडलेलं पेट्रोल क्षणांत फ्रॉस्टबाइट करू शकतं. जाड हातमोज्यांच्या आत पातळ नायट्रिलचे मोजे घातले तर प्लग काढताना उघड्या हाताची वेळ येत नाही.

सोबत सुके प्लग, प्लगचा पाना, जादा पट्टा, सुकं कापड आणि आतल्या खिशात बूस्टर पॅक, एवढं असलं तर वरची बहुतेक उत्तरं जागेवर वापरता येतात.

मेकॅनिककडे केव्हा न्यायचं?

स्पार्क निळा, पेट्रोल पोचतंय, प्लग सुका करून लावलाय, आणि तरी घेत नाही, तेव्हा कॉम्प्रेशन मोजायची वेळ आली. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा दोरी ओढताना नेहमीचा अडखळता जोर न लागता ती लोण्यासारखी सरकत असेल, तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट गेलं आहे. मशीन ट्रेलरवर चढवा. जाताना मेकॅनिकला काय काय तपासलंत आणि प्लग कसा दिसला ते सांगा. जमलं तर तोच प्लग न पुसता सोबत द्या.